पाणी बंदची पट्टी

हल्ली टीव्ही बघताना मधूनच पडद्यावर आकडे उमटतात. मालिकेतली सून रडत असते आणि नेमका तिच्या कपाळावर दहा-बारा आकड्यांचा नंबर येतो, चार-पाच सेकंद राहतो आणि जातो. परवा माझ्या नातीने, मनस्वीने, विचारलं, "आजी, हा कुणाचा फोन नंबर?"

मी सांगितलं, "फोनचा नाही, आपल्या केबलच्या डब्याचा. आपण इथून वायर ओढून चोरून दुसऱ्याला दाखवायला लागलो तर त्या नंबरावरून कंपनीला कळतं, चोरी कुठून झाली ते."

"आणि आजोबांच्या वेळी कसं कळायचं?"

"तेव्हा नंबर नव्हते," एवढंच मी म्हटलं आणि शेंगा सोलायला घेतल्या. पुढचं मनस्वीला सांगवलं नाही. सीता गेली त्याला आता दोन वर्षं होतील. ती होती तोवर ही गोष्ट आम्हा दोघींची होती. आता ती माझ्या एकटीकडे राहिली आहे, म्हणून लिहून ठेवते.

माझे यजमान राजाराम मूळचे राजापूरकडचे. मुंबईला परळमध्ये रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात त्यांनी वीस वर्षं काढली. ती वीस वर्षं मी रत्नागिरीत, भाट्याच्या पुलाच्या अलीकडे चढावर आमचं घर आहे तिथे, मुलाला घेऊन राहिले. चार घरं सोडून सीता. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या वाडीत आलो. तिचा नवरा दादू बर्फाच्या कारखान्यात कामाला, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. त्यामुळे आम्हा दोघींच्या घरात पुरुषमाणसाचं असणं-नसणं सारखंच. नळावर एकत्र, बाजारात एकत्र, आमसुलं वाळत घालायची ती एकाच खळ्यात. माझ्या अभयला कांजिण्या आल्या तेव्हा सीता पंधरा दिवस माझ्याकडे झोपायला होती. तिला हसू आलं की ती तोंडावर पदर धरायची, आणि पदराआडून तिचे खांदे हलायचे. ते बघून मला तिच्यापेक्षा जास्त हसू यायचं.

त्र्याण्णव साली हे कायमचे घरी आले ते टेम्पोत जाळीची भली मोठी छत्री घालूनच. छत्री गच्चीवर बसली, मागच्या खोलीत यंत्रं आली आणि वाडीत खांबाखांबावरून काळ्या वायरी गेल्या. रत्नागिरीच्या आमच्या बाजूला पहिलं केबल आमचं. दिवसभर वरून येईल ते पुढे पाठवायचं, पण दुपारी दोन ते तीन हा तास आमचा स्वतःचा होता. त्या तासाला यांनी एक व्हीसीआर आणून ठेवला आणि म्हणाले, "हे तू बघ."

मी जुनी सातवी. पण मशीन मला आवडलं. शाळांची गॅदरिंगं, आसपासच्या गावांतले नमनाचे खेळ, कुणाच्या लग्नाची कॅसेट, देवळातलं कीर्तन, जे मिळेल ते मी लावायची. खाली पट्टी फिरायची. तीही मीच टाइप करायची. वाढदिवसाच्या शुभेच्छा, हरवलेली म्हैस, सड्यावरच्या काजूचा लिलाव, डॉक्टर सुट्टीवर. सीता बहुतेक दुपारी माझ्याशेजारी पाटावर बसलेली असायची.

"काय गो ही बया, एवढी पावडर!" ती पडद्यावरच्या नवरीला म्हणायची. "विमल, जरा मागं घे, परत बघूया."

"मागं घेतलं तर सगळ्या रत्नागिरीला परत बघायला लागेल."

"मग बघू देत. फुकट का बघतात?"

आणि मी खरंच मागे घ्यायची. दोनदा लोकांच्या तक्रारी आल्या.

२००३ च्या जूनमध्ये तिचा ओमकार दहावीला गेला. दहावीच्या वर्षी घरातलं केबल काढायचं ही तेव्हा घराघरातली रीत होती. आम्हाला वर्षाला पंधरा-वीस घरं तशी सोडावी लागायची आणि परीक्षा झाली की परत जोडायची. पण दादू त्याच्याही पुढे गेला. त्याने ठरवलं की वर्षभर घरातल्या कुणीच टीव्ही बघायचा नाही, दुसऱ्याच्या घरी जाऊनसुद्धा नाही. सीता मला सांगायला आली तेव्हा तोंडावर पदर होता, पण खांदे हलत नव्हते.

"दुपारची पण नाय येणार गो आता. तो म्हणतो, आईने बघितला तर पोरगा बघणारच. मार्चपर्यंत दम धर."

"मी कशाला दम धरू? दम तुला धरायचाय."

"तुला पण धरायचाय," ती म्हणाली. ते खरंच होतं. पाट रिकामा ठेवून मी आठ महिने नमनं लावली.

दिवाळीनंतर चढाखालच्या घरांतून तक्रारी यायला लागल्या की दुपारी पडद्यावर मुंग्या येतात. म्हणजे मधे कुठेतरी कुणीतरी वायरला टाचणी टोचून स्वतःची वायर जोडत होतं. एक चोर जोडला की पुढच्या दहा घरांचं चित्र पातळ होतं. आमचा लाइनमन धाकू खांबावर चढून बघायचा, तोवर सगळं साफ.

"फक्त दुपारीच जोडतंय कुणीतरी," हे म्हणाले. "तासाभराने काढून ठेवतात. हुशार माणूस आहे."

यांना चोरीचा भयंकर संताप. पैशापेक्षा आपल्याला कुणी फसवलं याचा जास्त. दोन दिवस विचार करून त्यांनी युक्ती काढली. वाडीला तेव्हा नळ एकच, वळणावरचा, आणि पाणी यायचं तीन वाजता. हे म्हणाले, "दोन ते तीन पट्टी फिरव. जलवाहिनी फुटली, उद्या पाणी बंद, आजच भरून ठेवा. ज्यांच्याकडे केबल आहे ते हंडे घेऊन येणारच. पण ज्या सात घरांत केबल नाही, त्यातलं कोण जास्तीचे हंडे घेऊन येतं ते मी ओटीवर बसून बघतो. दुपारची वाडी झोपलेली असते, तोंडी बातमी पंधरा मिनिटांत पसरत नाही."

मला हसू आलं. खरं सांगते, मला ती गंमत वाटली. त्या सात घरांत सीताचं घर आहे हे माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही. तिने नवऱ्याला शब्द दिला होता. मी ते वाक्य सरकारी वाटेल असं दोनदा बदलून टाइप केलं आणि सोडून दिलं. संक्रांतीच्या आधीचा आठवडा होता.

तीन वाजून वीस मिनिटं झाली असतील. मी व्हीसीआर बंद करून पुढे आले, तर ओटीसमोर सीता. एक हंडा डोक्यावर, एक कमरेवर, परकर गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"विमल, दार धर गो! उद्या पाणी नाय हाय. तू त्या मशीनीला चिकटलेली, तुला कुठला नळ सुचायचा. म्हटलं आधी तुझे दोन भरून टाकूया, मग माझे."

हे ओटीवर खुर्ची टाकून बसलेले. ते उठले नाहीत. तिथूनच म्हणाले, "सीतावहिनी, उद्या पाणी नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? आत्ता नाय का पट्टीवर..." आणि ती थांबली.

हे मोठ्याने हसले. नळावर दहा-बारा बायका होत्या, त्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "हंडे रिकामे करा ग बायांनो! उद्या पाणी आहे. चोर पकडायला लावलं होतं, सापडला!"

बायका आधी गोंधळल्या, मग हसायला लागल्या. वाईट मनाने नव्हे, पण हसल्या. दादूची त्या दिवशी रातपाळी होती. तो झोपेतून उठून दारात आला आणि काय झालं ते त्याला तिथेच, सगळ्यांच्या तोंडून कळलं.

सीताने डोक्यावरचा हंडा उतरवला नव्हता. ती यांना म्हणाली, "हे तुमचं काम, भावजी?"

"माझंच. डोकं लागतं त्याला."

मग तिने माझ्याकडे बघितलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तेव्हा मी एवढंच बोलायला हवं होतं की पट्टी मी लिहिली, मला माहीत नव्हतं ग. एक वाक्य. पण नळावरच्या बायका बघत होत्या, हे हसत होते, आणि मला वाटलं, संध्याकाळी जाऊन सांगू. मी गप्प राहिले. ती दोन्ही हंडे आमच्या ओटीवर ठेवून म्हणाली, "पाणी ठेवा. भरलंय आता."

संध्याकाळी मी गेले नाही. तिच्या घरातून दादूचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता. त्यातूनच मला कळलं, ती दुपारी एकटी असताना, मुलगा शाळेत आणि नवरा कामावर किंवा झोपेत, आवाज बंद करून तो एक तास बघायची. सिनेमे नाहीत, मालिका नाहीत, फक्त माझा तास.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले. तिने हातावर घेतला आणि म्हणाली, "तुम्हीही गोड बोला." तीस वर्षांत ती मला पहिल्यांदा तुम्ही म्हणाली. मी तशीच परत आले. जूनमध्ये ओमकारला बेचाळीस टक्के पडले, आणि दादूने सगळ्या वाडीसमोर त्याचं खापर सीताच्या त्या एका तासावर फोडलं. त्यानंतर त्यांच्या घरात केबल परत आलंच नाही. सीता समोरून आली तर मान खाली घालून बाजूने जायची. मला तिचा राग आला असता तर बरं झालं असतं.

२००९ साली हे गेले. सीता खळ्यापर्यंत आली, बायकांच्या मागे उभी राहिली आणि गेली. धंदा अभयच्या हातात आला, पण दुपारचा तास माझाच राहिला. यांचं तेरावं झाल्यावर मी धाकूला बोलावलं.

"सीताच्या घरावर एक वायर टाकून ये. जोडू नको कुठे. कौलाच्या कडेला टोक सोडून ये."

"काकी, भाऊंनी आयुष्यभर चोऱ्या पकडल्या आणि तुम्ही चोरीचं आमंत्रण देताय?"

"आमंत्रणच समज."

"आणि जोडली की नाय ते बघून सांगू?"

"अजिबात बघायचं नाही," मी म्हणाले. "तू बघितलंस आणि तिने जोडली नसेल, तर मला ते कळायला नको."

धाकूला काय समजलं देव जाणे, पण त्याने वायर सोडली. त्यानंतर आठ वर्षं मी दुपारचा तास एका घरासाठी लावला. त्या घरात तो दिसतो की नाही हे मला माहीत नव्हतं. मी सीताला आवडणारी नमनं शोधायची. आम्ही दोघी एकदा पावसला देवळात गेलो होतो, तिथल्या उत्सवाची कॅसेट कुणाकडे तरी मिळाली, ती मी तीनदा लावली. दुसऱ्या दिवशी मासेवालीकडे, वाण्याकडे तिच्या तोंडाकडे बघायची. काही दिसायचं नाही. एकदा पट्टीवर लिहिलं, "आमसुलं यंदा लवकर वाळली." वाडीतल्या दोघांनी फोन करून विचारलं, ही काय जाहिरात आहे का? सीताकडून काही नाही. खालच्या घरांतून मुंग्यांची तक्रार आली की मला बरं वाटायचं, आणि मग धाकू सांगायचा, "उंदराने वायर कुरतडलेली, काकी." मी मनातल्या मनात रोज देवाला म्हणायची, माझ्या घरची चोरी होऊ दे.

२०१४ साली दादू गेला. मी दारापर्यंत जाऊन आले. ओमकार मुंबईला नोकरीला होता, सीता एकटी राहायला लागली.

मग डबे आले. आधी मुंबईत, मग मोठ्या शहरांत, करत करत २०१७ च्या सुरुवातीला आमच्याकडे. आमच्या छत्रीवरून येणारं साधं चित्र बंद व्हायचं होतं. सगळं आता मोठ्या कंपनीकडून कुलूप लावून येणार, घराघरातला डबा ते कुलूप उघडणार आणि डबा नसेल तर नुसता काळा पडदा. अभयने कंपनीशी करार केला. त्याला दुसरा इलाजच नव्हता. कंपनीच्या नव्या रचनेत आमच्या दुपारच्या तासाला जागा नव्हती.

बंद व्हायच्या आधी आठवडाभर कंपनीचा माणूस वायरी मोजत वाडीत फिरला. अभय संध्याकाळी माझ्याकडे आला.

"आई, सीताकाकूंच्या कौलावर आपली वायर आहे. यादीत तर त्यांचं नाव नाही. कौलाखाली आत गेलीय, पण जोडलीय की नुसतीच आहे ते घरात जाऊन बघायला लागेल. कापून टाकू?"

"राहू दे. आठच दिवस आहेत. आपोआप बंद होईल."

"पण कंपनीचा माणूस..."

"त्याला सांग, म्हातारीची लहर आहे."

आठ दिवस मला झोप लागली नाही. तास बंद झाल्यावर सीतापर्यंत माझ्याकडून काहीच पोचणार नव्हतं. ती बघत असेल तर सांगायला एवढेच दिवस होते.

शेवटच्या दुपारी मी मशीनपाशी बसले आणि टाइप केलं: "सीता, पाणी बंदची ती पट्टी मी लिहिली होती. तू हंडे घेऊन आलीस तेव्हा मी गप्प बसले. विमल." वाचून बघितलं. बोट बटणावर होतं. मग एकेक माणूस डोळ्यांसमोर यायला लागला. ही पट्टी अडीचशे घरांत दिसणार. वाणी वाचेल, मासेवाली वाचेल, अभयच्या सासरचे वाचतील. लोक विचारतील, कसली पट्टी? मग यांचं नाव निघेल. घड्याळात पावणेतीन झाले. मी एकेक अक्षर पुसलं आणि लिहिलं, "चोवीस वर्षांच्या सोबतीबद्दल सर्व प्रेक्षकांचे मनःपूर्वक आभार." ती पट्टी पंधरा मिनिटं फिरली. तीन वाजता मी व्हीसीआर बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या ओटीवर रांग लागली. अभय आत डबे काढत होता, धाकू ते वाटत होता, मी टेबलाशी बसून फॉर्म भरत होते.

"काकी, अभय बोलला डबा घेतला की चित्र आरशासारखं," एकजण म्हणाला. "मी अजून घेतला नाय तरी आरसाच दिसतोय. सकाळपासून माझंच थोबाड बघतोय."

"मग तोंड धुऊन बस," मी म्हटलं. रांग हसली.

फॉर्म भरता भरता मान वर न करता मी विचारलं, "नाव?"

"सीता."

मी वर बघितलं. ती काठी टेकून उभी होती. गुडघा बांधलेला. इतक्या वर्षांत इतक्या जवळून तिला बघितलं नव्हतं. केस सगळे पांढरे झालेले.

आतून अभय रजिस्टर बघत म्हणाला, "काकू, तुमच्याकडे आपली जोडणी नाही. तुमचं काय बंद पडलं?"

"माझं पण बंद पडलं," ती म्हणाली. "सकाळपासून."

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "घ्या! चोरच फिर्याद घेऊन आला!" सगळे हसले.

सीताने मान वळवली. "हसा. मागच्या वेळी पण तुम्हीच हसलेलात." मग ती माझ्याकडे वळली. ती माझ्याशीच बोलत होती, पण आवाज काही खाली केला नाही.

"आठ वर्षं रोज दोन ते तीन तुझी पट्टी वाचली गो. कुणाची म्हैस, कुणाचा वाढदिवस, आमसुलं लवकर वाळली, सगळं वाचलं. चष्म्याचा नंबर तीनदा बदलला. म्हटलं आज लिहील, उद्या लिहील. काल शेवटचा दिवस होता. पावणेतीनपर्यंत पट्टीच नाय आली, मला वाटलं आता लिहितेय. तर काय, प्रेक्षकांचे आभार."

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"तुमच्या घरात मशीनीवर कुणाची बोटं चालायची ते मला माहीत नाय? भावजींना स्वतःचं नाव लिहायला अर्धा तास लागायचा. मला त्याच दिवशी कळलं. पण ते मला दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं नव्हतं."

"आई, काय झालं?" अभय बाहेर आला.

मी उठून उभी राहिले. टेबलाचा आधार धरला. "ती पट्टी मी लिहिली, सीता. पाणी बंदची. आणि तू हंडे घेऊन आलीस तेव्हा मी दारात गप्प बसले."

"मोठ्याने बोल. डावा कान गेलाय हल्ली."

मी मोठ्याने सांगितलं. पहिल्यापासून, यांची युक्ती, माझं टाइप करणं, त्याची मला वाटलेली गंमत, सगळं. रांगेतल्या दोन बायका तेव्हा नळावर होत्या. त्या जमिनीकडे बघत राहिल्या.

सीताने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं." आणि विचारलं, "तुझा तास त्या डब्यात लागणार का?"

"नाही. तो बंद झाला."

"मग डबा कशाला घेऊ?" असं म्हणून ती पायऱ्या उतरायला लागली. एकेक पायरी, काठी आधी, मग चांगला पाय, मग गुडघा बांधलेला.

मी पेन अभयच्या हातात दिलं आणि तिच्यामागे गेले. चढावर तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला नाही. तिच्या दाराशी आल्यावर मी थांबले. तेरा वर्षं मी त्या उंबऱ्याच्या आत गेले नव्हते.

"येतेस की तिथेच उभी राहणार?" ती आतून म्हणाली.

आत कोपऱ्यात टीव्ही होता. त्याच्यासमोर एकच खुर्ची, तिच्यावर दुमडलेली गोधडी, आणि बाजूला एक छोटं स्टूल. स्टुलावर चष्मा पुसायचं फडकं. तिने मला खुर्चीवर बसायला सांगितलं आणि स्वतः खाटेवर बसली. ओमकारचं कसं चाललंय, दादूचं शेवटी काय झालं, माझे हे कसे गेले, असं करत करत आम्ही बोलत राहिलो. पुष्कळ गोष्टी मला वाडीतल्या लोकांकडून कळलेल्या होत्या, पण त्या मी नव्याने ऐकल्या. तिने भात आणि कुळथाची पिठी वाढली. जेवताना एकदा ती म्हणाली, "बेचाळीस टक्के त्या पोराला तसेही पडलेच असते," आणि मला आणखी भात वाढला.

ताटं उचलल्यावर आम्ही परत बाहेरच्या खोलीत आलो. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले. तिने सवयीने हात लांब करून बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. त्यात खिडकी दिसत होती आणि आम्ही दोघी.

बराच वेळ तिने तो बंद केला नाही. मग खाटेवर पाय वर घेत म्हणाली, "आज काय लावलं असतंस गो?"

मी म्हटलं, "एक नमन होतं. त्यातला मावशी झालेला तो बाप्या, दाढी करायला विसरलेला."

"अग बाई! तो पुढे जाऊन मृदंगावर पडतो तोच का?"

"तोच."

तिने तोंडावर पदर धरला. "थांब, पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "घाई करू नको. तासभर हाय आपल्याकडे."

मी खुर्ची तिच्या उजव्या कानाच्या बाजूला ओढून घेतली आणि गणापासून सांगायला लागले.